काटा येईपर्यंत

माझा धंदा दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सुरू होतो आणि रथसप्तमीला संपतो. मी हलव्याचे दागिने करते. लग्नानंतरची पहिली संक्रांत असलेल्या सुना, त्यांचे नवरे आणि बोरन्हाणाची बाळं ही माझी गिऱ्हाइकं. बाकीचे महिने मी एका छोट्या कारखान्याचे हिशेब लिहिते. दागिने न्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, ‘‘हे शिकलात कुठे?’’ मी म्हणते, आजीकडे. ‘‘अय्या, किती छान!’’ म्हणून ती जिना उतरतात. छान होतंच ते. पण त्या ‘किती छान’मध्ये आजी मावत नाही. इतकी वर्षं तिचंच काम करत राहिल्यावर तिच्याबद्दलच्या काही गोष्टी मला उशिरा कळल्या. त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

आजी संगमनेरची. प्रवरेच्या काठचं गाव आणि पौषातली कोरडी, बोचरी थंडी. हलव्याला तीच लागते. हवेत ओल असली की साखर सुकत नाही आणि साखर सुकली नाही की काटा येत नाही. ढगाळ दिवस उजाडला की आजी परात उचलून ठेवायची आणि जुन्या लुगड्यांची गोधडी पुढे ओढायची. ‘‘आज तो यायचा नाही,’’ म्हणायची. तो म्हणजे काटा. त्याच्यासाठी ती कधी चिडली नाही, की हट्टाला पेटली नाही. दिवस त्याचा नसेल तर दुसरं काम काढायचं, एवढंच.

दिवस त्याचा असेल तेव्हा मात्र ती अंधारातच उठायची. शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आणि वर पितळी परात. परातीत मूठभर खसखस नाहीतर पांढरे तीळ. शेजारी पाकाचं पातेलं. साखर बुडेल एवढं पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध टाकलं की मळी वर येते, ती काढायची आणि पाक फडक्यातून गाळून घ्यायचा. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून. इथे ती व्हायलाच हवी, तेव्हा लिंबाचा थेंबही वर्ज्य. चहाच्या चमच्याने अर्धा चमचा पाक दाण्यांवर सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. ते एकमेकांना चिकटायला बघतात, त्यांना मोकळं करत राहायचं. सुकले की पुन्हा अर्धा चमचा. तळाशी साखरेची भुकटी साठली की दाणे चाळून घ्यायचे, परात पुसायची आणि परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी दाण्यावर नुसता पांढरा लेप चढतो. बघणाऱ्याला वाटतं, सकाळभर हिने केलं काय? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या लेपावर बारीक टोकं उभी राहायला लागतात. बोटं जोरात फिरली तर ती झिजून दाणा गुळगुळीत होतो, मंद फिरली तर गठ्ठा होतो. आच चढली की पाक पिवळा पडतो.

यातलं काहीही आजीने मला तोंडाने शिकवलं नाही. माझा हात ती परातीत ठेवायची, वर स्वतःचा हात ठेवायची आणि म्हणायची, ‘‘ऐक.’’ ओला दाणा परातीत मुका असतो. सुकत आला की किंचित खरखरतो आणि पुरता सुकला की पितळेवर किणकिणतो. ती किणकिण आली की पुढचा चमचा. आज माझ्याकडे गॅस आहे, तापमान दाखवणारं यंत्र आहे. पण हलवा करताना मी स्वयंपाकघरातला पंखा बंद करते, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते आणि कान परातीकडे लावते. यंत्र आच किती आहे ते सांगतं, दाणा सुकला की नाही ते सांगत नाही.

तिच्या उमेदीच्या काळात साखर रेशनवर मिळायची. महिन्याची साखर चहाला पुरवता पुरवता नाकी नऊ यायचे आणि हिला संक्रांतीसाठी किलो-किलो साखर हवी. त्यावर तिने मार्ग काढला होता. आमच्या भागात सहकारी साखर कारखान्यांचं वारं आधीच आलं होतं. लोणीचा विखे पाटलांचा कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला, मग आसपास इतरही झाले. सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळायची. आजीच्या माहेरचे एकजण असे सभासद होते. दर दिवाळीत ती माहेरी जायची ती भाऊबीजेपेक्षाही त्या साखरेसाठी, असं माझे वडील चेष्टेने म्हणत. ती साखर वेगळ्या डब्यात, डब्याला कुलूप आणि किल्ली तिच्या कनवटीला. घरात पाहुणे येवोत की चहा कोरा प्यायची वेळ येवो, त्या डब्याला हात लागायचा नाही. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटायचा. आता नोव्हेंबरात मी एम-30, म्हणजे मध्यम दाण्याच्या साखरेचं पोतं आणून ठेवते आणि घरातल्यांना त्याच्याजवळ फिरकू देत नाही, तेव्हा त्या कुलपाचं मोल कळतं. घरात सगळं काही सगळ्यांचं असतं, त्यात एक डबा फक्त आपल्या कामाचा असणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

हलवा हा तिचा वर्षाचा मोठा सोहळा. बाकी वर्षभर हात चालूच असायचे. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, देवाची गेजवस्त्रं. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची, त्यात गौरीच्या पाळण्यापासून कासव-सापापर्यंत सगळी चिन्हं न विसरता. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की रुखवताचं काम तिच्याकडे. सामान विकत आणणं तिला मान्यच नव्हतं. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, फुटक्या बांगड्या, औषधांच्या बाटल्यांची बुचं हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत वर्गवारी करून ठेवलेलं असायचं. हलव्याचे दागिने ज्यावर बांधायचे तो पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा. पत्रिका आली की ती आधी तारीख वाचायची आणि मग कागद चिमटीत धरून जाडी बघायची. ‘‘यांचा बाजूबंद चांगला होईल,’’ हा तिचा लग्नावरचा अभिप्राय. एका घरातल्या लग्नाच्या पत्रिकेवर दुसऱ्या घरातल्या सुनेचा कंबरपट्टा बांधला जायचा आणि ते दोन्ही घरांना ठाऊक नसायचं.

बांधायची तिची रीत मी आजही सोडलेली नाही. हलव्याच्या दाण्याला भोक पाडत नाहीत, पाडलं तर तो फुटतो. दोन पदरी पांढऱ्या दोऱ्यात दाणा धरायचा, दोन्ही बाजूंनी गाठ मारायची आणि दोरा काट्यांच्या मधल्या खाचांत बसवायचा. काटा चांगला असेल तर दाणा हलत नाही. म्हणजे दागिन्याची मजबुती गाठीत नसते, आधीच्या तीन दिवसांत असते. बाजारात बरेच दागिने डिंकाने नाहीतर फेव्हिकॉलने चिकटवलेले असतात. लवकर होतात, दिसतातही छान. पण बाळाच्या बोरन्हाणाला ते मी देत नाही. बाळ हातातलं कडं पहिल्यांदा तोंडातच घालतं. आजीचा नियम होता, जे अंगावर घालायचं ते पोटात गेलं तरी चालायला हवं. त्यात मी एका नियमाची भर घातली आहे. बोरन्हाणात डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, हरभरे ओततात, आणि आजूबाजूची लहान मुलं ती वेचून तोंडात टाकतात. असा दाणा श्वासनळीत अडकू शकतो, बालरोगतज्ज्ञ हे वारंवार सांगतात. म्हणून लहानग्यांसाठी चुरमुरे घ्या, बाकीचं वेचायला मोठ्यांना बसवा, असं मी प्रत्येक आईला सांगते. काहींना तो शकुनात घातलेला खोडा वाटतो. वाटू दे.

आजीला मी देव्हाऱ्यात बसवायला निघालेले नाही. ती आपल्या कलेबद्दल चांगलीच मत्सरी होती. तिच्या धाकट्या जावेलाही हलवा यायचा, पण तिचा काटा बोथट. आजी तिला कधी म्हणून बोलावून दाखवायची नाही. जाऊ स्वयंपाकघरात आली की आजी परातीवर फडकं टाकायची आणि भाजीचा विषय काढायची. काकडीच्या बियांचा लांबट हलवा करून त्याच्या पाकळ्या कशा बांधायच्या, ही तिची खास युक्ती. ती तिने गावात कुणालाच सांगितली नाही, मला सांगितली तीही मी मुंबईकडची म्हणून. ‘‘तू इथं करणार नाहीस, म्हणून सांगते,’’ असं तिने स्पष्ट म्हटलं होतं. एखादीचं कौतुक करायचं झालं तर ‘‘बरं केलंय’’ ही तिची हद्द. दुसऱ्या कुणी केलेले दागिने पाहिले की ती लांबूनच सांगायची, ‘‘हा बाजारचा हलवा आहे.’’ ते नेहमी खरं निघायचं, त्यामुळे तिचा राग करणंही अवघड होतं.

आता मुख्य गोष्ट. आजोबा गेले तेव्हा आजीने चाळिशीही गाठली नव्हती. पुढची कितीतरी वर्षं ती गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक नव्या सुनेचे दागिने करत होती. मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, वाकी, तोडे, कंबरपट्टा, बिंदी, नथ. जावयाला हार, नारळ आणि घड्याळ. बाळाला मुकुट आणि बासरी. संक्रांतीच्या दिवशी काळी चंद्रकळा नेसलेली सून ते सगळं अंगावर घालायची, पांढरा हलवा काळ्या रंगावर झळकायचा, बायका हळदीकुंकवाला जमायच्या, वाण लुटायच्या. आणि ज्या बाईने ते दागिने केले ती त्या घरात नसायची. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. सकाळी ती दागिने एका ताटात मांडायची, वर मलमलीचं फडकं घालायची आणि आम्हा नातवंडांपैकी कुणाला तरी ताट घेऊन पाठवायची. स्वतः जायची नाही. ताट नेणारी मीही असायचे. तिथे माझ्या हातावर तिळगूळ पडायचा, सुनेला सगळ्या जमून सजवायच्या, ‘‘वहिनींच्या हाताला तोड नाही’’ असं म्हणायच्या. वहिनी मात्र घरी परात घासत बसलेल्या असायच्या. गल्लीतल्या किती घरांच्या अल्बममध्ये तिचं काम आहे, तिचा एकही फोटो नाही.

मोठी झाल्यावर मी तिला याबद्दल विचारलं होतं. तुला वाईट नाही वाटायचं? ती म्हणाली, ‘‘मला गर्दी नाही आवडत.’’ हे खरं होतं की नाही ते मला आजही सांगता येत नाही. देवळातल्या कीर्तनाच्या गर्दीत ती पहिल्या रांगेत बसायची. पण एक गोष्ट मी नंतर जुळवली. सून सजायच्या आधी काही दिवस मापं घ्यायला तिला आजीकडेच यावं लागायचं. मनगटाचं माप, दंडाचं माप, कमरेचं माप. आजी दोऱ्याने मापं घ्यायची, दोऱ्याला गाठ मारायची आणि त्या निमित्ताने पोरीला तासभर बसवून ठेवायची. सासर कसं आहे, जेवतेस ना, माहेरी पत्र टाकलंस का. गल्लीत नव्याने आलेल्या प्रत्येक मुलीची पहिली ओळख अशी आमच्या ओसरीवर व्हायची. सण तिला बोलवत नव्हता, तर सणाच्या आधीचा आठवडा तिने स्वतःच्या ओसरीवर ओढून आणला होता. हे तिने ठरवून केलं असेल असं नाही. पण ते मोडायचीही तिची तयारी नव्हती. एका वर्षी ताप होता तरी मापं घ्यायचं काम तिने कुणावर सोपवलं नाही.

आम्ही लोक याला ‘आजीचा छंद’ म्हणायचो. छंद म्हटलं की त्यात वेळ घालवणं येतं. मला आता वाटतं की आजी वेळ घालवत नव्हती, मिळवत होती. स्वयंपाक, धुणं, सणवार, दुखणीखुपणी या सगळ्यांत तिच्या दिवसावर इतरांचा हक्क होता. परातीसमोर बसली की मात्र तिला कुणी हाक मारायचं नाही, कारण हात थांबला तर हलवा बिघडतो हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. त्या तीन तासांत कोण काय करेल याची तिला चिंता नव्हती. डब्याचं कुलूप आणि पहाटेचे ते तास, एवढीच तिच्या मालकीची इस्टेट.

मी हे काम पैशांसाठी सुरू केलं ते डोंबिवलीत. बाळंतपणानंतर नोकरी सुटली होती आणि शेजारच्या घरातल्या सुनेची पहिली संक्रांत होती. त्यांनी दागिने मागितले, मी करून दिले आणि साडेतीनशे रुपये घेतले. पैसे घेतल्याचं आजीला कसं सांगावं याचं मला दडपण होतं. तिने आयुष्यभर एक पै घेतली नव्हती. कुणी साखर आणून द्यायचं, कुणी ब्लाउजपीस, तेवढंच. फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘साडेतीनशे? खसखशीचे तरी आले का?’’ आणि लगेच तिने हिशेब सुरू केला. सुटलेल्या नोकरीत महिन्याला किती देत होते? दिवसाला किती पडले? आणि हे करायला किती दिवस लागले? हिशेब माझा पेशा, पण तो तिने मांडला. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे तू वर पैसे देऊन काम केलंस.’’ मी विचारलं, ‘‘मग तू आयुष्यभर फुकट का केलंस?’’ तेव्हा ती म्हणाली, ‘‘मला कुणी किंमत विचारलीच नाही. हात चांगला आहे एवढं म्हणायचे.’’

त्या एका फोनने माझ्या धंद्याला वळण लागलं. तेव्हापासून मी दर ठरवताना आधी तास लिहिते आणि मग साखर. ‘‘दोन तास घालायचे आणि एवढे पैसे?’’ हा प्रश्न दर मोसमात येतो. मी तो प्रश्न समजू शकते, कारण दागिना खरंच दोनच तास घातला जातो. पण तो करायला दोन तास लागत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांना मी यंत्राच्या हलव्याचे दागिने सुचवते. ते वाईट नसतात. फिरत्या भांड्यात एका वेळी भरपूर हलवा होतो, दाणा एकसारखा येतो आणि दादर-ठाण्याच्या बाजारात मोसमात ढिगाने मिळतो. माझ्या स्वतःच्या मोठ्या ऑर्डरींतही कंबरपट्ट्यासारख्या जाड कामाला मी विकतचाच हलवा वापरते आणि तसं सांगते. नथ, बिंदी, तन्मणी या नाजूक कामाला मात्र हाताचा. आजीने हे ऐकून नाक मुरडलं होतं, पण ‘सांगतेस ना, मग ठीक,’ असा निकालही दिला होता.

डोंबिवलीच्या हवेने मला बरीच वर्षं छळलं. संगमनेरला जे तीन दिवसांत व्हायचं ते इथे आठवडाभर रखडायचं. खाडीची दमट हवा, जानेवारीतही दुपारी घाम. काटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत विरघळून दाणा चिकट व्हायचा. बांधलेला हार डब्यात रात्रभरात ओघळायचा आणि मुंग्यांना तर आमंत्रणच. शेवटी एक खोली बंद करून वातानुकूलन यंत्र लावलं, डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. विजेचं बिल बघून नवरा म्हणाला, ‘‘संगमनेरची थंडी इथे विकत घ्यायची म्हणजे हेच.’’ खरं होतं. आजीला जे फुकट मिळत होतं त्याची किंमत माझ्या बिलात दिसते. कुरिअरने पाठवलेली ऑर्डर भुगा होऊन पोचण्याचे प्रसंगही आले. आता लांबच्या गिऱ्हाइकांना मी दागिने पाठवत नाही. बांधायचं सामान, सुटा हलवा आणि फोनवरून शिकवणी, एवढं देते.

अशाच एका लांबच्या गिऱ्हाइकामुळे माझी एक समजूत गेली. मला वाटायचं काटेरी साखर फक्त आमचीच. टोकियोत राहणाऱ्या एका मराठी मुलीने मला तिथली एक पुडी पाठवली. रंगीत, छोटे, काटेरी दाणे, हुबेहूब हलवा. तिथे त्याला कोनपेइतो म्हणतात. पोर्तुगीजांनी ती मिठाई जपानात नेली आणि 1569 साली लुईस फ्रॉइस या धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिल्याची नोंद आहे. क्योटोत 1847 पासून हेच करणारं एक घराणं आहे. तिथे तिरक्या, फिरत्या, तापलेल्या कढईत थोडा थोडा पाक सोडत कारागीर एका घाण्याला पंधरवडाभर वेळ देतात, आणि दाण्यांचा आवाज ऐकून पाक कधी सोडायचा ते ठरवतात. हे वाचलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. संगमनेरच्या स्वयंपाकघरात बसून आजी जे मला ‘ऐक’ म्हणत होती, ते तिकडे एक मान्य शास्त्र होतं, त्यांना कारागीर म्हणत होते, घराण्याचं नाव दुकानावर होतं. आजीचं काम त्यांच्यापेक्षा कमी नव्हतं. तिच्या कामाला दुकान नव्हतं आणि तिला नाव विचारणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

आजीचं शेवटचं वर्ष आमच्याकडे गेलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बारीक दिसत नव्हतं आणि सांधेदुखीने बोटं वाकली होती. गाठ मारणं संपलं होतं. पण मी विकतचा आणि हाताचा हलवा मिसळून तिच्या पुढ्यात ठेवला की ती बोटांच्या पेरांनी वेगळा करायची. एक दाणा उचलायचा, अंगठ्याखाली फिरवायचा, डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचा. यंत्राच्या हलव्याचा काटा सगळीकडून सारखा असतो, हाताच्या हलव्याचा एका अंगाला जरा जास्त येतो. मला ते डोळ्यांनीही पटकन दिसत नाही. घरातली मुलं तिची परीक्षा घ्यायची आणि ती न चुकता पास व्हायची. तिच्या मागे तिचे क्रोशाचे रुमाल राहिले, तोरणं राहिली. ज्यात तिचा सगळ्यात जास्त जीव होता ते मात्र काहीच राहिलं नाही, कारण ते दर संक्रांतीला वाटून, खाऊन संपत होतं. याचं तिला कधी दुःख नव्हतं. उरलेल्या दागिन्यांचा हलवा सोडवून तिळगुळात टाकताना तिचा हात जराही अडखळायचा नाही.

ती गेल्यानंतरच्या एका मोसमात मुलीच्या पहिल्या संक्रांतीसाठी दागिने ठरवायला एक बाई आल्या. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. सगळं पसंत करून झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, ‘‘हे मी हातात घेऊन गेले तर चालेल ना? की जावेला पाठवू?’’ मी सांगितलं, हे दागिने करायला मला जिने शिकवलं ती विधवाच होती, आणि हे बोटांनी वळलेले दाणे तुमच्या बोटांनी विटणार नाहीत. मग मी त्यांच्या मनगटाचं माप घेतलं. त्या नको नको म्हणत होत्या. संक्रांतीला त्यांच्या मुलीचा फोटो आला, त्यात आईच्याही हातात हलव्याची वाकी होती. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तो ठराव वाचताना मला आधी गावाचा अभिमान वाटला आणि मग आजीचं ते मलमलीने झाकलेलं ताट आठवून राग आला. रागाचं काय करायचं ते मला एकच माहीत आहे, त्यातून ऑर्डर कशी लिहायची ते ठरवणं.

म्हणून माझ्या ऑर्डरच्या वहीत सुनेच्या मापांखाली आता एक ओळ जास्त असते. घरात आणखी कोण कोण आहे? सासू, आत्या, आजी, विधवा, अविवाहित, कुणीही. ज्यांची इच्छा असेल त्यांची मापं आणा, एखादं कर्णफूल, एखादी वाकी त्यांचीही होईल. बरेचजण हसतात, काहींना पटत नाही, पण दर वर्षी ती ओळ भरलेली वहीची पानं वाढताहेत. आणि या जास्तीच्या दागिन्याचे मी पूर्ण पैसे घेते. भेट म्हणून द्यावा असं पहिल्यांदा मनात आलं होतं. पण आजीचा हिशेब मी ऐकलेला आहे. आमच्या घराण्यात फुकट काम बरंच करून झालं आहे.